झाकण उघडायचं नाही

मला तोंडाचा कॅन्सर झाला आणि तो मिश्रीनं झाला. एवढं एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं. इतके दिवस विचारणाऱ्याला मी सांगत होते, "दाढ टोचत होती, तिनं झालं." दाढ बिचारी काय बोलणार! ती तर ऑपरेशनमध्ये गेली.

मी अंगणवाडीत सेविका होते, सत्तावीस वर्षं. तंबाखू वाईट, मिश्री वाईट, गरोदरपणात तर अजिबात नको, असं मीच बायकांना सांगायची. तसा तक्ताही भिंतीवर लावलेला. आणि रोज सकाळी घरी दार पुढं करून, तळहातावर मिश्री घेऊन मी अर्धा तास दात घाशीत बसायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ती लावल्याशिवाय माझं पोट साफ व्हायचं नाही, डोकं धरायचं. सासूनं लावलेली सवय. सासू गेली, नवरा गेला, सवय तेवढी राहिली.

हे वाचणारी कुणी बाई मिश्री लावत असेल तर तिला मी शहाणपण शिकवणार नाही, माझा तो हक्क गेला. गालाला आतून खरखर लागत असेल, पांढरा डाग असेल, तिखट झोंबत असेल, तर उठ आणि दाखव. एवढंच.

"मिश्री लावता का?"

आधी तोंड कमी उघडायला लागलं. भाकरीचा घास लहान झाला. मग मटणाचा रस्सा झोंबायला लागला. कोल्हापुरात जन्म घेऊन रस्सा झोंबतोय हे कुणाला सांगायचं? लाज वाटली. गपचूप दही कालवून खात राहिले. चार महिने असेच घालवले.

दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून आत बघितलं आणि विचारलं, "मिश्री लावता का?"

"न्हाय हो," मी म्हणाले.

शेजारी माझा मुलगा अमोल उभा होता. पुण्याहून मुद्दाम आलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही. लहानपणापासून मिश्रीची डबी लपवायला त्यालाच तर मी पाठवायची. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं 'खोटारडी बाई' असंच लिहिलं असेल.

तुकडा तपासून रिपोर्ट आला त्या दिवशी मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर अमोलला म्हणाले, "आईंना जरा बाहेर बसवता का?" मी म्हटलं, "आई हितंच बसतीया. तोंड माझं हाय." मग त्यांनी सगळं सांगितलं. डावा गाल आतून काढायचा, जबड्याचा तुकडा काढायचा, छातीचं मांस तिथं लावायचं, मग लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायचे. सगळं ऐकून मी काय विचारावं? "डॉक्टर, तिखट खाता येईल का हो?" डॉक्टर हसले. अमोल रडला. मला कळेना की दोघांतलं कुणाचं बरोबर.

शमाची खीर

आमच्या दारासमोर शमाचं दार. मधे गल्ली, दोन पावलांची. ती दारात शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवते, मी अंगणवाडीतून आले की माझ्या पायरीवर बसायची. तिचं ताट तिच्या पायरीवर, माझं माझ्या. जेवता जेवता आम्ही सगळ्या गल्लीचा निकाल लावायचो. उन्हाळ्यात वर्षाची चटणी पण एकत्रच कांडून आणायचो, मिरची तिची आणि मसाला माझा. वीस-बावीस वर्षं हे असं चाललेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती डबा घेऊन आली. शेवयांची खीर. स्टीलचा डबा, झाकणावर तिच्या सासूचं नाव कोरलेलं. म्हणाली, "चावाय लागत न्हाय. गिळून टाक. उद्यापासनं उपास हाय तुझा." मी दारातच उभ्यानं सगळी खाल्ली.

त्यानंतर दोन महिने माझ्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही. नाकातून नळी होती. त्या नळीतून प्राची, माझी सून, गाळलेली पेज, दूध, डाळीचं पाणी ओतायची. मी छताकडं बघत पडायची. पोट भरायचं. पण जेवल्यासारखं काही वाटायचं नाही.

दवाखान्यातलं

सहाव्या दिवशी टाका उसवला, आत पू झाला. पुन्हा आत नेलं, पुन्हा शिवलं. वॉर्डातली एक मावशी रोज सकाळी फरशी पुसायला यायची. मला बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायची. मावशीला वाचता येत नव्हतं. तरी ती पाटी हातात घ्यायची, नीट बघायची आणि म्हणायची, "व्हय, व्हय, बरोबर हाय तुमचं." त्या तीन आठवड्यांत माझं बरोबर आहे असं म्हणणारी ती एकटीच.

लाईटच्या वेळी तोंडावर जाळीचा मुखवटा घालून तो टेबलाला स्क्रूनं आवळतात. तीस वेळा. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले की काढा म्हणून हात आपटले. नंतर एक युक्ती केली. आत गेल्यावर मनात अंगणवाडीची हजेरी घ्यायची. जुन्या सालातली पोरं, एकेक नाव. तिसावं नाव यायच्या आत मशीन बंद व्हायचं. ज्याला करायची असेल त्यानं ही युक्ती करावी, फुकट आहे.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणायची, "काकू, म्हणा, मी घरी आले." मी म्हणायची, "मी घरी आलो." ती म्हणायची, "आले." मी म्हटलं, "बाळ, ह्यात कॅन्सरचा दोष न्हाय. आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतोय." आजारपणात मी मोठ्यानं हसल्याचं आठवतं ते एवढंच.

आजी सांडतीय

घरी आल्यावर काही आठवड्यांनी नळी निघाली. तोंडानं खायला सुरुवात झाली. डावा ओठ बधिर, त्यामुळं घास कुठून बाहेर येतो ते मला कळत नाही. अजूनही कळत नाही. तोंडाला पाणी सुटत नाही. चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याची.

पहिल्या रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो. मला मऊ भात आणि वरण. दोन घास झाले आणि माझी चार वर्षांची नात ओवी म्हणाली, "आजी सांडतीय."

प्राचीनं तिला डोळे दाखवले. अमोल मोबाईलमध्ये बघायला लागला. मग दोघंही आपापल्या ताटात बघत राहिले. मी हळूच हात लावून बघितलं तर हनुवटीवरून वरण गळ्यापर्यंत आलेलं. पोर खरं बोलली होती. तिला काय माहीत की मोठ्यांत हे बोलायचं नसतं!

दुसऱ्या दिवसापासून मी ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागले. "मला सावकाश लागतं, तुम्ही घ्या जेवून." कुणी अडवलं नाही. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असेल. मी त्यांना दोष देत नाही, पण मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

अमोल-प्राची आणखी दोन महिने माझ्याकडं राहूनच काम करत होते. पुढं दोघांचीही ऑफिसं बोलवायला लागली. मीच म्हटलं, जावा. चला म्हणत होते ते पुण्याला. तिथं परक्या बिल्डिंगमध्ये आतल्या खोलीत जेवण्यापेक्षा मी इथंच बरी.

शमाचं राहिलंच. नळी असताना ती दोनदा आली होती. मी प्राचीला पाटीवर लिहून दिलं, 'झोपल्यात म्हणून सांग.' एकदा प्राची दारात तसं सांगत असताना मला आत ठसका लागला. तो शमानं ऐकला असणार. तिसऱ्यांदा ती आली नाही.

आणि तिचा डबा माझ्या फळीवर तसाच. घासून, पुसून, रिकामा. अमोल म्हणाला, "मी देऊन येतो." मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रिकामा? अक्कल आहे का?' प्राची म्हणाली, चिमूटभर साखर घालून देऊ. शमाला शुगर. तिला साखर घालून डबा द्यायचा म्हणजे कमालच! आणि मला तो माझ्या हातचं काहीतरी घालूनच द्यायचा होता. पण गॅससमोर उभं राहिलं की फोडणीच्या वासानं घसा आवळायचा. मानेचं ऑपरेशन झाल्यापासून डावा खांदा वर होत नाही, उजव्यानं ढवळायला गेले की छातीचा टाका ओढायचा. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सात महिने गेले. दोन पावलांची गल्ली, पण मी समोरची खिडकी उघडायचीसुद्धा बंद केली.

स्लो कुकर

मुलगा-सुनेनं पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, खाली बटण. अमोल व्हिडिओ कॉलवर समजावून सांगायला लागला. "आई, सगळं कच्चंच आत टाकायचं. फोडणी नाही, ढवळणं नाही, शिट्टी नाही. सहा तासांनी मऊ झालेलं मिळेल. फक्त झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलंस की अर्धा तास मागं जातं."

"आणि शिजलं का न्हाय ते कसं कळणार?"

"शिजतंच गं."

शिजतंच म्हणे! आयुष्यभर मी वासावर, आवाजावर स्वयंपाक केला. ह्या यंत्राला ना आवाज ना जाळ. मेल्यासारखं गप बसतंय.

पहिल्या दिवशी मूगडाळ, तांदूळ, दुधी, हळद, मीठ, पाणी घातलं. आणि हात आपोआप चटणीच्या बरणीत गेला. एक चमचा. सवयीनं हो! लक्षातसुद्धा आलं नाही. दुपारी पहिला घास घेतला आणि तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं. सगळी खिचडी टाकली. मग बरणी उचलून माळ्यावर ठेवली. खांद्यानं ठेवू देईना तर स्टूल घेतलं, पण ठेवली. आमची दोघींची चटणी होती ती. खाली उतरून रडले.

हळूहळू जमलं. नाचणीची पातळ लापशी, तांदळाची पेज, भोपळा, गाजर, सगळं लोण्यासारखं होतं. ज्यांना उभं राहवत नाही, वास सहन होत नाही, त्यांनी हे भांडं वापरून बघावं. पण एक खोड मला लागली. झाकण उघडायची. दर दहा-पंधरा मिनिटांनी मी जाऊन उघडायची. शिजलंय का बघायला म्हणून नाही, ते निमित्त. दिवसभर घरात मी एकटी, टीव्ही लावला तर त्यातले सगळे खात असायचे. झाकण उघडलं की तोंडावर गरम वाफ यायची आणि आपल्यासाठी घरात काहीतरी चाललंय असं वाटायचं. भाज्यांचं त्यानं फार बिघडत नव्हतं.

मटणाचं बिघडलं.

डब्यात काय घालायचं हे माझं ठरलं होतं. अळणी, म्हणजे बिनचटणीचं. आमच्याकडं बाळंतिणीला, आजाऱ्याला मटण नुसतं हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवून त्याचं पाणी देतात, ते. ते मलाही चालणार होतं आणि शमालाही. मास्क लावून मी स्वतः मुलाणीच्या दुकानातून मटण आणलं, शमाच्या घरी हलालच चालतं म्हणून तिथूनच. सकाळी आठला लावलं. दुपारी चार वाजले तरी चामड्यासारखं. दुसऱ्यांदा केलं, तसंच. अमोलला फोन केला, तो म्हणाला, "झाकण उघडलंस?"

"एखाद वेळी."

"आई."

मिश्रीची गोष्ट निघाली की तो जसा म्हणायचा तसंच म्हणाला. मी फोन ठेवला.

पायरीवर

तिसऱ्या वेळी मी ठरवलं, ह्या घरात बसले तर झाकण उघडणारच. अकरा वाजता बटण दाबलं, डबा काखेत मारला आणि दाराबाहेर येऊन पायरीवर बसले. डबा कशाला घेतला? माहीत नाही. घरात ठेवून यायचं सुचलं नाही. मास्क मात्र घातला नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा माझं हे वाकडं तोंड गल्लीनं बघितलं.

समोर शमाची मशीन थांबली.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग मांडीवरच्या डब्याकडं. आणि एकदम कडाडली. "झोपलेली उठली व्हय गं? सात महिनं झोपलीस!"

माझं बोलणं तेव्हा बोबडं, लाळ सांभाळत. तरी मी ओरडले, "तू तरी आलीस व्हय तिसऱ्यांदा?"

"कशी येऊ? कोणच्या तोंडानं येऊ?" तिचा आवाज चिरकला. "माझी खीर बाधली तुला. टाकं उसवलं, पू झाला. आख्खी गल्ली म्हणत हुती, आदल्या दिवशी भायेरचं खाल्लं म्हणून झालं. मी आलतो माफी मागाय. तू आत खोकतीयास आणि सून म्हणतीया झोपल्यात! मी समजलो काय समजायचं ते. डबा पण ठेवून घेतलास. मी म्हटलं, फेकून दिला आसंल."

सात महिने मला वाटत होतं, हिला माझी किळस येते. आणि ही मशीनवर बसून समजत होती की हिनंच मला मारायला घेतलं.

"अगं येडे," मी म्हणाले, आणि मला पुढं बोलता येईना. ते कॅन्सरमुळं नव्हे. "अगं, त्येच्यानंतर दोन महिनं तोंडात काय गेलं न्हाय. आता खातो ते समदं पुठ्ठा लागतंय. तुझी खीर तेवढी शेवटची चव हाय माझ्या तोंडात. तीच आठवत नळीचं दिस काढलं मी."

शमा उठली. गल्ली ओलांडून आली आणि माझ्या पायरीवर बसली. स्वतःच्या पायरीवर नाही, माझ्या. ओढणीनं डोळे पुसले, मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. नेमका डाव्या खांद्यावर. मी कळवळले. "तिथं नगं गं, तिथं कापलंय!" मग ती परत रडायला लागली.

डबा रिकामा का ठेवला ते सांगितलं, तर म्हणाली, "साखर घालून दिला न्हाईस ते बरं झालं, मारलं असतंस." तिला टाके दाखवले. मिश्रीचं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाय व्हय? दार लावून बसायचीस तवा काय पूजा करायचीस?" मग गल्लीतल्या सात महिन्यांच्या भानगडी निघाल्या. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जमलं. तिची मशीन उघडीच पडलेली, ब्लाऊज अर्धा. माझं तोंड दुखायला लागलं तरी मी बोलत होते.

मधेच शमानं नाक वर केलं. "काय शिजतंय गं?"

मी मान वळवून आत बघितलं. घड्याळात साडेचार. साडेपाच तास मी झाकणाला हात लावला नव्हता. आठवणसुद्धा झाली नव्हती.

आत जाऊन उघडलं. चमचा लावला आणि मटण हाडापासून सुटलं.

डबा काठोकाठ भरून मी तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "घरी नेऊन काय करू? दोन ताटं आण."

मी म्हटलं, "तू जेव. मी आत जाऊन खातो. मला सावकाश लागतंय."

"मला काय गाडी पकडायची हाय?"

ताटं मीच आणली. ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. शमानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय पांचट हाय गं! चटणी कुठं हाय आपली?" माळ्यावर आहे म्हटल्यावर तीच स्टुलावर चढली, बरणी काढली आणि आपल्या ताटात लालभडक करून घेतलं. मी माझा पहिला चमचा घेतला. मटण जिभेवरच विरघळलं. चव पुठ्ठ्याचीच. पण मऊ होतं, गरम होतं.

दुसरा चमचा घेतला तेव्हा शमाची नजर माझ्या तोंडावर थांबली. मला कळलं. मी खाली ताटात बघायला लागले. आता ती गल्लीत बघेल, नाहीतर मशीनकडं, काहीतरी दुसरंच बोलेल.

"सुमन," ती घास चावता चावता, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "सांडलं बघ. हनुवटीवर. पूस की."

मी पदरानं पुसलं.

"हितं अजून. डाव्या अंगाला. हां, गेलं."

आणि मी तिसरा चमचा घेतला.